अ‍ॅनालॉग सिग्नल पलीकडे नेताना

तीन फेज ४१५ व्होल्टवर चालणाऱ्या मोटर ड्राइव्हच्या डीसी बसवर सुमारे ५८७ व्होल्ट असतात. ते मोजणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनला ३.३ व्होल्टच्या वर काही सोसत नाही. ही दोघं एकाच बोर्डावर नांदवायची तर मधे तांब्याचा कणही नसलेली पट्टी लागते आणि मोजमाप मात्र ती पट्टी ओलांडून अचूक यावं लागतं. हे पटलं की पहिला प्रश्न येतो, ‘कोणता आयसी वापरू?’ प्रश्न योग्यच आहे, फक्त त्याची पाळी तिसरी. त्याआधी दोन गोष्टी ठरवायच्या असतात: आयसोलेशन नेमकं कशासाठी हवंय, आणि सिग्नल अ‍ॅनालॉग रूपातच पलीकडे जायला हवा का.

कशासाठी, याची उत्तरं साधारण तीन. पहिलं, माणसाचा हात. ज्या बटणाला, नॉबला किंवा यूएसबी पोर्टला कोणी स्पर्श करणार आहे ते मेन्सपासून पक्कं तुटलेलं हवं. दुसरं, मोजायची गोष्ट उंचावर बसलेली असणं: शंटवर पडतात जेमतेम ५० मिलिव्होल्ट, पण तो शंटच शेकडो व्होल्टवर तरंगत असतो. तिसरं कारण सर्वांत जास्त वेळा भेटतं आणि सर्वांत उशिरा ओळखू येतं. ते म्हणजे ग्राउंड लूप. विहिरीजवळच्या पंपघरातला प्रेशर सेन्सर आणि दूरच्या खोलीतलं पॅनेल यांचं अर्थिंग वेगवेगळ्या खड्ड्यांत असतं. त्या दोन खड्ड्यांमधे एखाद-दुसऱ्या व्होल्टचा फरक सहज असतो, मोटर सुरू होताना तो आणखी उसळतो. केबलच्या शिल्डमधून आणि ग्राउंडच्या तारेतून त्या फरकामुळे करंट वाहू लागतो आणि ० ते १० व्होल्टच्या सिग्नलवर ५० हर्ट्झची लाट स्वार होते. सॉफ्टवेअरमधे सरासरी काढून ती लाट लपते, पण डीसीचा फरक तसाच राहतो आणि रीडिंग खोटं येतं.

ही तीन कारणं वेगळी ठेवा, कारण त्यांच्या मागण्या वेगळ्या आहेत. ग्राउंड लूप तोडायला हजार व्होल्टची चाचणी झालेलं साधं मॉड्यूल पुरतं. माणसाच्या सुरक्षेसाठी मात्र ‘रीइन्फोर्स्ड’ दर्जाचं, प्रमाणपत्र असलेलं इन्सुलेशनच लागतं. तिथे स्वस्त मॉड्यूल चालवून घेऊ नका.

कधी कधी आयसोलेशनची गरजच नसते, हेही सांगितलं पाहिजे. १२ व्होल्टच्या बॅटरी बँकेचा करंट वरच्या बाजूने मोजायचा असेल आणि ग्राउंड एकच असेल, तर २६ व्होल्टपर्यंत सोसणारा आयएनए२१९ सरळ लावा. डिफरन्शियल अ‍ॅम्प्लिफायरच्या कॉमन-मोड मर्यादेत काम भागत असताना मधे बॅरियर घालणं म्हणजे खर्च, चूक आणि नॉइज विकत घेणं.

आता दुसरा प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: जमेल तिथे सिग्नल अलीकडेच, म्हणजे ‘गरम’ बाजूलाच डिजिटल करा आणि पलीकडे फक्त शून्य-एक पाठवा. शून्य-एक नेताना गेन बदलत नाही, ऑफसेट सरकत नाही, तापमानाने काही बिघडत नाही. एमसीपी३२०१ सारखा १२ बिटचा एसपीआय एडीसी किंवा एडीएस१११५ सारखा १६ बिटचा आय-टू-सी एडीसी गरम बाजूला बसवा आणि मधे डिजिटल आयसोलेटर टाका. एसपीआयसाठी आयएसओ७७४१ किंवा एडीयूएम१४०१, आय-टू-सीसाठी आयएसओ१५४० किंवा एडीयूएम१२५०. आय-टू-सीची डेटा लाइन दोन्ही दिशांनी बोलते, त्यामुळे तिथे पीसी८१७ सारखा साधा ऑप्टोकपलर लावून भागत नाही. शिवाय नेहमीच्या किलो-ओहमच्या पुल-अपवर पीसी८१७ ला बंद व्हायलाच दहा-दहा मायक्रोसेकंद लागतात. सावकाश बदलणाऱ्या राशींसाठी, म्हणजे तापमान, बॅटरीचे व्होल्ट, टाकीतली पातळी यांच्यासाठी, गरम बाजूला एक छोटा मायक्रोकंट्रोलर बसवून सिरियल डेटाची एकच तार ऑप्टोकपलरमधून काढली तरी काम उत्तम होतं. ९६०० बॉडला पीसी८१७ कुरकुरत नाही.

मग अ‍ॅनालॉग कधी न्यायचा? पलीकडे आधीपासून अ‍ॅनालॉग कार्ड असलेला पीएलसी किंवा रेकॉर्डर असेल तेव्हा. ओव्हरकरंट झाल्यावर काही मायक्रोसेकंदांत कंपॅरेटरने ट्रिप करायचं असेल तेव्हा. कंट्रोल लूपच अ‍ॅनालॉग असेल तेव्हा. किंवा मायक्रोकंट्रोलरमधले वेगवान एडीसी पीडब्ल्यूएमशी ताल जुळवून सॅम्पल घेत असतील तेव्हा. पुढचं सगळं या मंडळींसाठी.

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ‘ऑप्टो द्या’ म्हटलं की हातात पीसी८१७ येतो. त्याच्या एलईडीला सिग्नल द्यायचा आणि ट्रान्झिस्टरकडून तसाच सिग्नल परत घ्यायचा, असा प्रयत्न जवळपास प्रत्येक नवशिका करतो. तो फसतोच. पीसी८१७ चा करंट ट्रान्सफर रेशो ५० ते ६०० टक्के इतका मोकळा सोडलेला आहे. सी गटातला निवडून घेतला तरी २०० ते ४०० टक्के, म्हणजे दोन नगांत दुपटीचा फरक. हा रेशो एलईडीच्या करंटनुसार बदलतो, तापमानानुसार बदलतो आणि एलईडी म्हातारा होईल तसा घटत जातो. आज टेबलावर जुळवलेलं कॅलिब्रेशन पुढच्या उन्हाळ्यात तसंच राहील याची खात्री नाही.

मग मोबाइलच्या चार्जरमधे टीएल४३१ च्या जोडीला हाच ऑप्टो अ‍ॅनालॉग फीडबॅक नेतो, ते कसं चालतं? कारण तिथे त्याने अचूक असण्याची गरजच नाही. व्होल्टेज मोजून संदर्भाशी तुलना करण्याचं काम टीएल४३१ आउटपुटच्या बाजूलाच उरकतो. ऑप्टो पलीकडे फक्त ‘वाढव’ किंवा ‘कमी कर’ एवढाच निरोप नेतो. निरोप थोडा मोठ्या किंवा लहान आवाजात पोचला तरी लूप स्वतःला सावरून घेतो. रेशो बदलला तर लूपच्या स्थिरतेवर परिणाम होतो, आउटपुटच्या व्होल्टवर नाही.

हीच युक्ती मोजमापासाठी वापरली की लिनियर ऑप्टोकपलर तयार होतो. एचसीएनआर२०१ किंवा आयएल३०० मधे एक एलईडी आणि दोन फोटोडायोड असतात. एक फोटोडायोड पलीकडे बघतो, दुसरा अलीकडेच राहून एलईडीवर पहारा ठेवतो. अलीकडचा ऑप-अँप पहारेकरी फोटोडायोडचा करंट इनपुटइतका होईपर्यंत एलईडीला ढकलत राहतो. एलईडी म्हातारा झाला, तापला, तरी ऑप-अँप त्याला जास्त करंट देऊन प्रकाश तेवढाच ठेवतो. पलीकडच्या फोटोडायोडवर तोच प्रकाश पडत असल्याने तिथला करंटही तेवढाच. एलईडीचा स्वभाव हिशेबातून बाहेर पडतो, उरतं फक्त दोन फोटोडायोडचं एकमेकांशी असलेलं प्रमाण. एचसीएनआर२०१ मधे ते प्रमाण एकच्या आजूबाजूला ५ टक्क्यांत असतं आणि लिनिअ‍ॅरिटीची चूक नेहमीच्या नगांत टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकी.

आकडे घालून बघू. इनपुट ० ते १० व्होल्ट, पलीकडे ० ते ३ व्होल्ट हवेत. फोटोडायोडचा करंट ५० मायक्रोअँपपर्यंत चालतो, पण आपण पंचवीसवरच थांबू, एलईडीला तेवढाच आराम. इनपुट रेझिस्टर ३९० किलो-ओहम घेतला की १० व्होल्टला २५.६ मायक्रोअँप मिळतात. एलईडीच्या करंटच्या सुमारे अर्धा टक्का करंट फोटोडायोडमधे उतरतो, म्हणजे एलईडीला साधारण ५ मिलिअँप लागतील. नगानगातला फरक धरून ७ मिलिअँपची सोय ठेवा. ५ व्होल्टची सप्लाय, एलईडीवर १.६ व्होल्ट, मालिकेत २२० ओहम: ७ मिलिअँपलाही ऑप-अँपच्या आउटपुटपाशी १.८ व्होल्ट शिल्लक राहतात, तो आरामात करंट ओढून घेतो.

जोडणी अशी: पहारेकरी फोटोडायोडचा कॅथोड ऑप-अँपच्या उलट्या इनपुटला, अ‍ॅनोड ग्राउंडला, सरळ इनपुट ग्राउंडला, एलईडीचा अ‍ॅनोड २२० ओहममधून ५ व्होल्टला आणि कॅथोड ऑप-अँपच्या आउटपुटला. उलट्या इनपुटपासून आउटपुटपर्यंत १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकायला विसरू नका, नाहीतर सर्किट डोलू लागतं. पलीकडे दुसऱ्या ऑप-अँपच्या फीडबॅकमधे ११७ किलो-ओहमच्या आसपास हवेत. तिथे १०० किलो-ओहमचा स्थिर रेझिस्टर आणि त्याच्या मालिकेत ४७ किलो-ओहमचा मल्टिटर्न प्रीसेट घातला की ५ टक्क्यांचा फरक आणि रेझिस्टरची चूक दोन्ही जुळवून घेता येतात. त्याला समांतर १०० पिकोफॅरड टाकले की बँडविड्थ १३ किलोहर्ट्झच्या आसपास येते. संथ प्रक्रियेसाठी कपॅसिटर वाढवा, तेवढं नॉइज कमी.

ऑप-अँप निवडताना एलएम३५८ टाळा. त्याचा बायस करंट दहा-वीस नॅनोअँपपासून वाईट नगात अडीचशेपर्यंत जातो. आपला पूर्ण सिग्नलच २५ मायक्रोअँप, म्हणजे थेट एक टक्क्याची चूक. एमसीपी६००२ सारखा सीमॉस ऑप-अँप घ्या, त्याचा बायस करंट पिकोअँपमधे असतो. आणखी एक अडचण शून्यापाशी येते. इनपुट शून्य झालं की एलईडी पूर्ण विझतो, ऑप-अँप वरच्या टोकाला जाऊन चिकटतो आणि सिग्नल परत आला की सावरायला वेळ घेतो. शून्याजवळचं मोजमाप महत्त्वाचं असेल तर स्थिर संदर्भातून १ मायक्रोअँप कायम मिसळत ठेवा आणि पलीकडे तेवढा वजा करा. ४ ते २० मिलिअँपच्या लूपमधे ही अडचण जन्मतःच नसते. तिथे शून्याची जागा ४ मिलिअँपने घेतलेली असते.

इतकी जुळवाजुळव नको असेल तर आयसोलेशन अ‍ॅम्प्लिफायर तयार मिळतात. शंटसाठी एएमसी१३०१ बरा: इनपुट २५० मिलिव्होल्ट दोन्ही दिशांना, गेन ८.२. डीसी बससाठी एएमसी१३११: इनपुट ० ते २ व्होल्ट, गेन १ आणि इनपुट इतकं हाय-इम्पीडन्स की मोठ्या रेझिस्टरच्या डिव्हायडरला त्रास होत नाही. या दोघांचं आउटपुट डिफरन्शियल असतं, सुमारे १.४४ व्होल्टच्या पायावर उभं. दोनपैकी एकच पिन एडीसीला जोडून ‘रीडिंग अर्धं येतंय’ म्हणणारे बरेच भेटतात. दोन्ही पिनांचा फरक घ्यायचा असतो. जुना आयएसओ१२४ अजून वापरात आहे. अधिक-उणे १० व्होल्ट आणि ५० किलोहर्ट्झ बँडविड्थ देतो, पण दोन्ही बाजूंना १५-१५ व्होल्टच्या जोडसप्लाय मागतो आणि ५०० किलोहर्ट्झच्या कॅरियरचा सुमारे २० मिलिव्होल्टचा रिपल आउटपुटवर सोडतो. नवीन डिझाइनमधे मी तो घेणार नाही.

डीसी बसचा डिव्हायडर करताना वॅटेज बघून लोक थांबतात, व्होल्टेज रेटिंग बघत नाहीत. ब्रेकिंगच्या वेळी बस ८०० व्होल्टपर्यंत चढू शकते. १२०६ आकाराच्या साध्या एसएमडी रेझिस्टरचं कामाचं व्होल्टेज २०० असतं. म्हणून १ मेगओहमचे पाच मालिकेत घ्या आणि खाली १२ किलो-ओहम. ८०० व्होल्टला खाली १.९२ व्होल्ट येतात, नेहमीच्या ५८७ ला १.४ व्होल्ट, आणि प्रत्येक रेझिस्टरवर फार तर १६०. एकच ५ मेगओहमचा रेझिस्टर लावलात तर वॅटेजच्या हिशेबात तो सुखरूप असतो आणि प्रत्यक्षात कधीतरी त्याच्या अंगावरूनच ठिणगी उडते.

फक्त ५० हर्ट्झचं एसीच मोजायचं असेल तर इतका खटाटोप कशाला? ट्रान्सफॉर्मर आहे ना. व्होल्टेजसाठी झेडएमपीटी१०१बी सारखा छोटा ट्रान्सफॉर्मर, करंटसाठी करंट ट्रान्सफॉर्मर (सीटी). दोन पथ्यं पाळा: फेजमधला थोडासा सरक पॉवर फॅक्टर मोजताना भरून काढा आणि करंट वाहत असताना सीटीची सेकंडरी उघडी सोडू नका. डीसी करंटसाठी हॉल सेन्सर. एसीएस७१२ स्वस्त आहे, सोपा आहे, पण त्याचं शून्य तापमानाने सरकतं आणि शेजारच्या चुंबकाचंही तो मनावर घेतो. ३० अँपच्या नगात अर्धा अँप मोजायची अपेक्षा धरू नका.

आतापर्यंत सिग्नलचं झालं. पण बहुतेक बोर्ड फसतात ते सिग्नलपाशी नाही, गरम बाजूच्या सप्लायपाशी. तिथल्या ऑप-अँपला, एडीसीला वीज कुठून देणार? घाईत दोन्ही बाजूंचं ग्राउंड एकच जोडलं की महागडा आयसोलेटर शोभेपुरता उरतो. मोबाइल चार्जर वापरला तर त्यातल्या वाय-कपॅसिटरमधून करंट येतच राहतो. २.२ नॅनोफॅरडमधून २३० व्होल्टला सुमारे ०.१६ मिलिअँप, म्हणजे चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूवर बोट फिरवताना जाणवणारी झिणझिण. दहा-वीस मायक्रोअँप मोजणाऱ्या सर्किटसाठी ती फार मोठी आहे.

सोयीचा उपाय बी०५०५एस सारखं छोटं डीसी-डीसी मॉड्यूल. मात्र त्यावरचे १००० किंवा १५०० व्होल्ट हे एका छोट्या चाचणीचे आहेत, कायम सोसण्याचे नाहीत. मेन्सपासून माणसाला वाचवण्यासाठी ते बनवलेलंच नाही. त्याचं आउटपुट रेग्युलेटेड नसतं. लोड अगदी कमी असेल तर व्होल्ट वर चढतात, म्हणून थोडा कायमचा लोड द्या आणि पुढे लिनियर रेग्युलेटर लावा. सुरक्षेचा प्रश्न असेल तर एसएन६५०१ आणि रीइन्फोर्स्ड दर्जाचा छोटा ट्रान्सफॉर्मर हा जास्त भरवशाचा मार्ग.

इथेच कपॅसिटन्सचा हिशेब येतो. अशा मॉड्यूलच्या दोन बाजूंमधे वीसेक पिकोफॅरड असतात. ऑप्टोकपलरमधे एखादा पिकोफॅरड, कधी त्याहूनही कमी. आयजीबीटीने १०० नॅनोसेकंदांत ६०० व्होल्टची उडी मारली तर २० पिकोफॅरडमधून त्या क्षणापुरता १२० मिलिअँपचा धक्का पलीकडे जातो. तुम्ही आयसोलेटर कितीही चांगला घ्या, हा धक्का सप्लायच्या दारातून येणारच. म्हणून गरम बाजूचं ग्राउंड शक्यतो स्थिर बिंदूला बांधा, उड्या मारणाऱ्या फेज आउटपुटला नको. फेजवरच मोजणं भाग असेल तर कमी कपॅसिटन्सचा ट्रान्सफॉर्मर वापरा आणि स्विचिंगच्या क्षणी सॅम्पल घेऊ नका. आयसोलेटरच्या डेटाशीटमधे कॉमन-मोड ट्रान्झियंट इम्युनिटी हा आकडा किलोव्होल्ट प्रति मायक्रोसेकंदात दिलेला असतो. तो तुमच्या उडीच्या दुप्पट तरी हवा.

पीसीबीवर पट्टी आखताना ती आधी आखा, ट्रॅक नंतर. रीइन्फोर्स्ड दर्जाच्या आयसीच्या रुंद पॅकेजमधे पिनांच्या दोन रांगांत ८ मिलिमीटर अंतर असतं. ते बोर्डाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाळा. सगळ्याच लेयरमधे, आयसीच्या पोटाखालीसुद्धा, तांबं नको. मधेच येणारा माउंटिंग स्क्रू आणि त्याचा वॉशर, हीटसिंकची कड, प्रोग्रॅमिंगचा कनेक्टर ही नेहमीची गळतीची ठिकाणं. पॅडमधलं अंतर कमी पडत असेल तर मधे बोर्ड कापून खाच घ्या, पृष्ठभागावरून जाणारी वाट लांबते. सोल्डरिंगनंतर फ्लक्स धुऊन काढा. कोकणात किंवा शेतातल्या उघड्या पेटीत बसणाऱ्या बोर्डावर पावसाळ्यात दव धरतं, वर धूळ बसते आणि कोरड्या खोलीसाठी काढलेली अंतरं अपुरी पडतात. तिथे अंतर वाढवा आणि बोर्डाला कन्फॉर्मल कोटिंग द्या. दोन्ही ग्राउंडमधे रेडिओ नॉइजसाठी कपॅसिटर घालावाच लागला तर तो वाय१ दर्जाचाच घ्या, साधा डिस्क सिरॅमिक नको.

तपासताना क्रम पाळा. आधी वीज न देता दोन्ही ग्राउंडमधे मल्टिमीटरने बघा, मग मेगरने. मेगरचं व्होल्टेज डीसी-डीसी मॉड्यूलच्या चाचणी व्होल्टेजच्या आत ठेवा. मग गरम बाजूला बेंच सप्लायवरून शून्य, पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण सिग्नल देऊन पाच बिंदू नोंदवा. बोर्ड तासभर तापू द्या आणि तेच पाच बिंदू पुन्हा घ्या. फरक पडला तर आधी ऑप-अँप आणि रेझिस्टरवर संशय घ्या. यानंतरची चाचणी बहुतेक जण करतच नाहीत: गरम बाजूची सिग्नलची दोन्ही टोकं एकमेकांना जोडा आणि दोन ग्राउंडमधे २४ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचं ५० हर्ट्झ एसी द्या. आउटपुट हललं नाही पाहिजे. हललं तर बॅरियर ओलांडणारी वाट कुठेतरी आहे, आणि ती २३० व्होल्टला दहापट बोलेल.

मेन्सवर मोजताना डीएसओच्या प्रोबची ग्राउंड क्लिप गरम बाजूला लावू नका; ती आतून अर्थला जोडलेली असते आणि मोठा स्फोट होऊ शकतो. डीएसओच्या प्लगची अर्थची पिन तोडणं हा त्यावरचा उपाय नाही, कारण मग डीएसओची अख्खी बॉडीच जिवंत होते. हाय-व्होल्टेज डिफरन्शियल प्रोब वापरा. गरम बाजूच्या कंट्रोलरला यूएसबीची वायर लावून लॅपटॉपवरून प्रोग्रॅम करायचा असेल तर आधी मेन्सचा प्लग भिंतीतून बाहेर काढा, बसचे कपॅसिटर उतरू द्या आणि त्यावरचे व्होल्ट मीटरने मोजून खात्री केल्यावरच वायर लावा.